‘छान आहे, जरूर वाचा’ याच्या पुढे काय बोलायचं?

प्रिय ताई,

मी कराडची. वय ५८. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. वाचायची आवड पहिल्यापासून, पण निवांतपणा आत्ता मिळाला. वाचलेल्या पुस्तकांची यादी एका वहीत ठेवते: अनुक्रमांक, नाव, लेखक, पानं, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख. बँकेची सवय, दुसरं काय! गेल्या वर्षी ३४ पुस्तकं झाली. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, “आई, हे सगळं ॲपवर टाक, वर्षाला ५० चं टार्गेट घे, मग बघ कसं वाचन होतं ते.”

आम्ही बारा जणी मिळून पुस्तक भिशी चालवतो. महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये. जिचा नंबर लागेल तिनं त्या पैशांची पुस्तकं घ्यायची. जमलो की प्रत्येकीनं अलीकडे वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं. तिथे माझी पंचाईत होते. गेल्या महिन्यात मी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ वाचली. माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलेलं. ती कादंबरी वाचून दोन रात्री मला धड झोप नव्हती. पण माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघालं काय, तर “छान आहे, धरणग्रस्तांवर आहे, साहित्य अकादमी मिळालंय, जरूर वाचा.” संपलं! घरी येऊन स्वतःचाच राग आला.

दुसरं दुखणं म्हणजे माझ्या जाऊबाई. त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड. त्यांनी आग्रहानं दिलेली एक मी वाचली, आवडली नाही, आणि भिशीत तसं बोलून गेले. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आणि जरा संकोचानं विचारते, अर्धवट सोडलेली पुस्तकं यादीत लिहायची असतात का? माझ्या वहीत ती नाहीतच. वही ठेवू कशी आणि बोलू कशी, सांगाल का?

– एक वाचक, कराड

*

तुम्हाला बोलता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. मी तुम्हाला अनोळखी. तरी मला तुम्ही दोन ओळींत सांगून टाकलंत की आईचं माहेर पाण्यात गेलं आणि कादंबरी वाचून झोप उडाली. हेच भिशीत बोलला असतात तर त्या संध्याकाळी दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची पाळी आलीच नसती. मग तिथे ते ओठांवर का आलं नाही? माझा संशय तुमच्या वहीवर आहे.

वही तुम्हाला विचारते काय, तर नाव, लेखक, पानं, तारखा. तुम्ही तेवढंच सांगता. भिशीतही तुम्ही तेच रकाने भरलेत, फक्त पानांच्या जागी पुरस्कार घातलात. झोप उडाल्याची नोंद करायला तुमच्या वहीत जागाच नाही, म्हणून ती गोष्ट तुमची तुम्हालाही ‘पुस्तकाबद्दलची’ वाटली नाही. ती खासगी वाटली, नि गिळलीत.

रकान्यांबद्दल मला आदर आहे. वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे नोकरी केली मी. दाखल नोंदवहीत दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत हे सगळं लिहायचंच असतं. तपासणीला येणारा माणूस तेच बघतो. पण ती नोंदवही पुस्तक हरवू नये म्हणून असते. ते वाचून सभासदाचं काय झालं हे तिला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. तुम्ही घरी बसून वाचनालयाची नोंदवही भरताय.

तर वहीत काय बदलायचं ते सांगते. अनुक्रमांक खोडा. पानांची संख्याही खोडा. सुरू केल्याची तारीख लिहायची तर लिहा, माझा हट्ट नाही. नाव आणि लेखक राहू द्या. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहायला विसरू नका. आपल्याकडे बंगाली, कन्नड, रशियन पुस्तकं भरभरून वाचली जातात आणि ती मराठीत आणणाऱ्या माणसाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष लिहा. ही जुन्या ग्रंथपालाची कटकट समजा, पण मराठी पुस्तकं बघता बघता दुकानातून नाहीशी होतात आणि मग “ती निळ्या मुखपृष्ठाची होती ना, ती” एवढ्या खुणेवर ती शोधून देणं कुणालाही जमत नाही. आणि पुस्तक कुठून आलं ते लिहा: वाचनालयाचं, विकतचं, की कुणाकडून मागून आणलेलं. मागून आणलं असेल तर कुणाचं, हे ठळक लिहा. महाराष्ट्रातली निम्मी भांडणं त्यावरून होत असतील.

हे सगळं दोन ओळींत मावतं. त्याखाली निम्मं पान कोरं सोडायचं.

कोऱ्या जागेत पहिली नोंद पुस्तक उघडण्याआधी करायची: हे मी का घेतलं? खरं कारण लिहा. ‘रिंगाण’पुढे तुम्ही लिहिलं असतं, “धरणावर आहे असं ऐकलं, आईचं गाव आठवलं.” कधी कारण अगदीच फुटकळ असेल. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती आणि हाताला हेच लागलं, असंही असेल. तेही लिहा. वाचून झाल्यावर या ओळीकडे परत बघितलं की आपण काय शोधायला गेलो होतो आणि काय घेऊन आलो, याचा पत्ता लागतो.

दुसरी नोंद पुस्तक संपल्यावर, पण लगेच नाही. दुसऱ्या दिवशी, पुस्तक मिटलेलं ठेवून. न उघडता जे आठवेल ते पाच-सहा ओळींत लिहायचं. यामागे आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकेतल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो एकदा वाचून मग बंद करून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची भिशी महिन्यातून एकदा असते, म्हणजे तुमचं काम आठवून लिहिण्यानंच होणार. आठवताना चुका झाल्या तर होऊ देत. पात्राचं नाव विसरलात आणि त्याचा जोडा मात्र आठवला, तर जोडा लिहा. जे राहिलं तेच तुम्हाला सांगायचंय.

तिसरी नोंद म्हणजे एक पान क्रमांक. जिथे तुम्ही थांबलात, परत मागे गेलात, पुस्तक पोटावर उपडं ठेवून छताकडे बघत बसलात, ते पान. क्रमांक आणि चार शब्दांची खूण पुरे. उतारे उतरवत बसू नका. दोन पुस्तकांनंतर कंटाळा येतो आणि वही बंद पडते. पान क्रमांक मात्र त्या आवृत्तीचाच असतो, म्हणून वर आवृत्ती लिहायला सांगितली.

आता ‘रिंगाण’चंच बघू. धरणामुळे उठलेली माणसं, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला सोडलेल्या गावाकडे परत गेलेला माणूस. तुम्ही “धरणग्रस्तांवर आहे” म्हणालात तेव्हा म्हैस गायब झाली. आणि तुमची झोप, मला वाटतं, त्या म्हशीनंच उडवली असणार. सरकारी कागदावर घरं मोजली जातात, जमीन मोजली जाते, झाडंसुद्धा मोजली जातात. मागे काय राहिलं ते कुणी मोजत नाही. ही कादंबरी तिथून सुरू होते. तुमची आई असेल तर तिला विचारा, गाव सोडताना काय मागे ठेवलंत? नसेल तर मामा-मावशीला विचारा. एखादा जातं सांगेल, एखादं कुत्रं. उत्तर ‘रिंगाण’च्या त्याच पानावर लिहा, तारखेसकट. पुस्तक वाचून संपलं तरी पानाखाली लिहायला जागा असू द्यावी, ती याचसाठी.

मात्र इथे एक जपायचं. भिशीत बोलताना आईची गोष्ट इतकी लांबवू नका की पुस्तक बाजूला पडेल. एकीनं स्वतःचं सांगितलं की दुसरी आपलं सांगते, तिसरी डोळे पुसते, आणि पोहे येतात तेव्हा कुणाला आठवत नाही की आपण कुठल्या कादंबरीबद्दल बोलत होतो. आईचं दोन वाक्यांत सांगा आणि परत पानावर या. “म्हणून मला या जागी थांबावं लागलं,” असं म्हणून तो परिच्छेद मोठ्यानं वाचा. दहा-बारा ओळी पुरतात. खोतांची भाषा डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकली की जास्त उलगडते, आणि तुम्ही त्याच भागातल्या, तुमच्या तोंडी ती चांगली बसेल.

सगळ्याच पुस्तकांशी आपलं असं नातं नसतं. तेव्हा काय करायचं? तेव्हा पुस्तकाशी एक वाद घालायचा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तुमच्या भिशीतल्या निम्म्या जणींनी शाळा-कॉलेजात वाचली असेल, १९५५ ची आहे. तिच्याबद्दल “माणदेशातल्या धनगरांच्या जीवनाचं चित्रण” असं म्हटलं की सगळ्या माना डोलावतात आणि पुढे काही घडत नाही. त्याऐवजी असं विचारून बघा: तरुण मास्तर खटपट करकरून, गावाला कामाला लावून तालीम उभी करतो. मग दुष्काळ पडतो आणि गावच उठून जातं. तर मास्तरानं केलं ते फुकट गेलं का? माझ्या मते नाही गेलं, पण मी का ते सांगत नाही, तुमच्याकडे बारा जणी आहेत. हा प्रश्न वहीत एका ओळीत मावतो आणि भिशीला तासभर पुरतो.

हे लिहिताना एक लक्षात आलं. ‘बनगरवाडी’तही गाव उठतं, ‘रिंगाण’मध्येही. मधे विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ आहे, १९९१ ची, तीही धरणग्रस्तांचीच. तिला अकादमीचा पुरस्कार १९९२ मध्ये मिळाला आणि ‘रिंगाण’ला २०२३ मध्ये. एकतीस वर्षांनी अकादमीला पुन्हा एका धरणग्रस्त गावाकडे वळावं लागलं. ‘झाडाझडती’त उठवण्याची सगळी प्रक्रिया आहे: नोटिसा, साहेब, दलाल, मोबदला, हेलपाटे. ‘रिंगाण’ हे सगळं होऊन गेल्यावरचं आहे. आणि ‘बनगरवाडी’त तर कुणी उठवायला आलेलंच नाही, फक्त पाऊस आला नाही. वाचनालयात या तिन्ही पुस्तकांचा वर्गांक एकच, ८९१.४६३, म्हणजे मराठी कथा-कादंबरी. तिथे त्यांचं नातं एवढंच. तुमच्या वहीत मात्र त्यांचं वेगळं कपाट होऊ शकतं. ‘रिंगाण’च्या पानावर समासात लिहून ठेवा, “झाडाझडती, बनगरवाडी – बघ.” असे दुवे जमत गेले की पुढचं पुस्तक निवडायला कुणाच्या यादीची गरज राहत नाही. आणि भिशीत एकाच वेळी तीन पुस्तकांबद्दल बोलणारी बाई म्हणून तुमचा जरा दराराही वाढेल. वाढू द्या.

बोलताना एक पथ्य. मलपृष्ठावरचे शब्द तोंडात येऊ द्यायचे नाहीत. ‘वास्तवाचं विदारक चित्रण’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘एका बैठकीत वाचून संपवलं’, ‘प्रत्येकाच्या संग्रही असावं असं’. मलपृष्ठ लिहिणाऱ्याला पुस्तक खपवायचं असतं, तुम्हाला नाही. गोष्टही अथपासून इतिपर्यंत सांगू नका. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांचा विरस होतो आणि ज्यांनी वाचलंय त्या मोबाईल काढतात. तुमचा परिच्छेद, तुमचा एक प्रश्न, आणि जिथे पुस्तक तुम्हाला कमी पडलं ती जागा. ती शेवटची फार महत्त्वाची. आवडत्या पुस्तकातलीही खोट सांगणाऱ्या माणसाच्या “वाचा”ला वजन येतं.

आणखी एक, बारा जणी एकाच दिवशी बोलणं हेच चुकीचं आहे. प्रत्येकीला पाच मिनिटं म्हटलं तरी तास झाला, आणि पाच मिनिटांत कुणी थांबत नाही. मग घाईघाईत ‘छान आहे’ निघणारच. महिन्याला चौघींनी बोलावं, बाकीच्यांनी फक्त विचारावं. वर्षातून प्रत्येकीच्या वाट्याला चार वेळा येतं, तेवढं खूप झालं.

अर्धवट पुस्तकांबद्दल संकोच कसला? चार्ल्स डार्विननं १८३८ ते १८६० या काळात वह्यांमध्ये दोन याद्या ठेवल्या होत्या, वाचायच्या पुस्तकांची आणि वाचलेल्या पुस्तकांची. वाचलेल्यांच्या यादीत काही पुस्तकांपुढे त्यानं सरळ लिहिलंय की नुसतं चाळलं. त्याला लाज वाटली नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. सोडलेल्या पुस्तकाला वहीत अर्ध्याऐवजी पाव पान द्या. कुठल्या पानावर सोडलं आणि का, एवढंच. टाइप बारीक होता, अनुवाद खडबडीत होता, पहिली पन्नास पानं नुसती वंशावळ होती, की घरात आजारपण होतं आणि मन लागत नव्हतं? यातलं शेवटचं कारण पुस्तकाचं नाही, तुमच्या त्या महिन्याचं आहे, आणि असं पुस्तक पुढेमागे परत हातात घ्यावं. आमच्याकडे काही सभासद दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत आणून देत आणि म्हणत, “बाई, हे नको.” सहकारी वैतागत, मला मात्र ते आवडत. त्यांना स्वतःचं मत कळत होतं, तेही एका रात्रीत.

मुलाला सांगा, ५० नाही. त्याचा हिशेब अवघड नाही. सरासरी अडीचशे पानांची ५० पुस्तकं म्हणजे साडेबारा हजार पानं, रोजची चौतीस. निवृत्त बाईला सहज जमतील. घोळ पुढे होतो. नोव्हेंबर उजाडला, आकडा चाळिसावर अडकला, की हात आपोआप बारीक पुस्तकांकडे जातो आणि सातशे पानांची कादंबरी ‘पुढच्या वर्षी’वर ढकलली जाते. कवितासंग्रह ऐंशी पानांचा असतो म्हणून तो एका दुपारी उरकला जातो. खरं तर तो महिनाभर उशाशी असायला हवा. आणि दिवाळी अंकांचं काय करायचं? १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने तेच वाचतो. टार्गेटच्या हिशेबात ते महिने शून्य. तुम्ही उलट करा. अंकातली एखादी कथा किंवा लेख आवडला तर त्याला स्वतंत्र अर्धं पान द्या, अंकाचं नाव आणि वर्ष घालून. कथा पुढे संग्रहात येते तेव्हा तुम्ही ती आधीच वाचलेली असते, आणि तेव्हा काय वाटलं होतं हेही हाताशी असतं.

ॲपशी माझं वैर नाही. पण तिथे एकेका मराठी पुस्तकाच्या दोन-दोन तीन-तीन नोंदी वेगवेगळ्या इंग्रजी स्पेलिंगनी सापडतात, आणि तारे देण्याच्या नादात माणूस वाक्य लिहायचं विसरतो. ‘रिंगाण’ला तुम्ही किती तारे देणार होतात? मुलाला मदतच करायची असेल तर त्याला एक साधी एक्सेल करून द्यायला सांगा: पुस्तक, लेखक, आणि तुमच्या वहीतलं पान. पुढे वह्या चार-पाच झाल्या की शोधायला ती कामाला येईल. त्याला बजावा, सगळं एकाच कीबोर्डवरून टाइप कर. आपला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो, दिसायला अगदी सारखा. एका तऱ्हेनं लिहिलेला दुसऱ्या तऱ्हेनं शोधला तर तो सापडत नाही, आणि आपण समजतो पुस्तक वाचलंच नाही.

वाचायच्या पुस्तकांची यादी वहीच्या मागच्या बाजूनं सुरू करा. नावापुढे कुणी सुचवलं ते लिहा. दर पाडव्याला तिच्यातली निम्मी नावं निर्दयपणे काटा. त्यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

आता जाऊबाई. पत्रात तुम्ही लिहिलंय, “आवडली नाही, आणि तसं बोलून गेले.” हे अकरा जणींसमोर, आणि पुस्तक त्यांनी आग्रहानं दिलेलं. हातानं दिलेल्या पुस्तकाबद्दलचं मत देणाऱ्याला लागतंच. ते आधी घरात, दोघीच असताना सांगायचं होतं. खोटं कौतुक करायला मी सांगत नाहीये. पण ‘आवडली नाही’ हेही ‘छान आहे’चंच भावंड आहे, त्यातून काहीच कळत नाही. नेमकं काय खटकलं? भाषा फार अलंकारिक वाटली? नायकाच्या हातून एकही चूक होत नाही म्हणून कंटाळा आला? की एखादा प्रसंग इतिहासात घडलेलाच नाही असं वाटलं? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या दोन तुमच्या रुचीच्या, त्यावर जाऊबाई म्हणतील, “मला तेच आवडतं,” आणि विषय तिथे मिटेल. तिसरी मात्र दोघींनी मिळून तपासण्यासारखी आहे. कादंबरीकाराला संवाद रचायचा हक्क आहे. वाचणारीला विचारायचाही हक्क आहे की यातलं बखरीतलं किती, पत्रांतलं किती आणि लेखकाच्या मनातलं किती. बऱ्याच ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या शेवटी संदर्भग्रंथ दिलेले असतात. जाऊबाईंना म्हणा, यातलं एखादं आणून बघूया का? ज्यांना त्या काळाचं एवढं वेड आहे त्या नाही म्हणणार नाहीत, आणि कुणी सांगावं, पुढच्या वर्षी त्या तुमच्यापेक्षा कडक बोलतील.

आम्हाला ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांची पाच सूत्रं पाठ करावी लागत, १९३१ ची. त्यातलं दुसरं म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेपुरती पाठ केलेली ही सूत्रं टेबलामागे बसल्यावर रोज कामाला आली. एकानं कंटाळून परत केलेलं पुस्तक त्याच दुपारी दुसरा छातीशी धरून नेतो. तेव्हा न आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलताना ते कुणाला आवडेल हेही सांगायची सवय लावा. जाऊबाईंना त्या कादंबरीतला कुठला प्रसंग सर्वांत आवडतो ते विचारा आणि पुढच्या भिशीत त्यांनाच तो वाचायला सांगा. तुम्ही ऐका. तेवढ्यानं आवडेलच असं नाही, पण त्या परत बोलू लागतील.

तुमच्या भिशीसाठी एक शेवटचं, कारण महिन्याला चोवीसशे रुपयांची पुस्तकं म्हणजे वर्षाकाठी बरीच होतात आणि ती बारा घरांत विखुरतात. प्रत्येक पुस्तकात मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कोरा कागद लावा. जी वाचेल तिनं त्यावर तारीख, नावाचं आद्याक्षर आणि दोनच ओळी लिहायच्या: कुठे थांबले आणि काय विचारावंसं वाटलं. पुस्तक सहाव्या घरी पोचेल तेव्हा सहावीला आधीच्या पाच जणींशी भांडता येईल. तुमच्या जिल्ह्यात भिलार आहेच, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं ठेवलेली. तिथे एक दिवस सहल न्या, बारा जणींनी बारा घरं वाटून घ्या आणि संध्याकाळी हाच खेळ तोंडी खेळा. तिथल्या पुस्तकांत कागद मात्र लावू नका, ती सगळ्यांची आहेत. आणि घरच्या पुस्तकांत लावताना डिंक वापरा, तोही कडेला पातळ. सेलोटेप अजिबात नको; चार वर्षांत पिवळी पडते आणि निघताना पान घेऊन निघते.